अख्ख्या घराचे रंग ठरवताना: दोनदा रंगवून झाल्यावर आलेलं शहाणपण

पहिल्यांदा घर रंगवलं तेव्हा मी एकेका खोलीचा रंग वेगवेगळा बसून निवडला. हॉलला राखाडी, एका बेडरूमला पोपटीकडे झुकणारा हिरवा, दुसरीला अबोली, पॅसेजला मोतिया. शेड कार्डवर चारही एकसे एक. रंगारी गेले, सामान जागच्या जागी लावलं, संध्याकाळी सहज हॉलच्या दारात उभी राहिले तर चारही रंग एकाच नजरेत समोर, म्हणजे घर कमी आणि उघडून ठेवलेलं शेड कार्ड जास्त वाटत होतं. त्यात दिवे लावल्यावर हॉलचा राखाडी चक्क जांभळट दिसायला लागला. आई आली आणि आल्या आल्या म्हणाली, "जांभळा कशाला घेतलास गं?" मी राखाडी आहे राखाडी आहे म्हणून भांडले, पण होता तो जांभळाच.

काही वर्षांनी परत रंग काढायची वेळ आली तेव्हा मात्र घाई केली नाही, महिनाभर नुसतं बघत बसले, भिंतींवर पुठ्ठे चिकटवत फिरले, आणि त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय. खोलीगणिक रंग निवडू नका, अख्खं घर एका दमात ठरवा, बाकी सगळं त्या मागोमाग येतं.

आधी हे जवळ घेऊन बसा

- घराचा हाताने काढलेला नकाशा, प्रमाणात नसला तरी चालेल, पण दारं-खिडक्या कुठे आहेत ते दाखवा
- मोजपट्टी
- कोऱ्या पांढऱ्या कागदाचे पाच-सहा ताव (साधा प्रिंटरचा कागद)
- जाड पांढरे पुठ्ठे किंवा ड्रॉइंग शीट, निदान दोन फूट बाय दोन फूट
- छोटा रोलर आणि नमुन्याच्या रंगाच्या लहान डब्या
- न फाडणारी चिकटपट्टी
- पडद्याचा, सोफ्याच्या कापडाचा तुकडा, जास्तीची फरशी उरली असेल तर ती
- एक वही. फोनमध्ये नोंदी ठेवल्यात तर रंगाऱ्यासमोर उभं राहून स्क्रोल करत बसाल.

१. जे बदलणार नाही त्यापासून सुरुवात करा

रंग हजारो मिळतात, फरशी मात्र आहे तीच राहणार. म्हणून सगळ्यात आधी वहीत लिहा: फरशी, बाथरूम आणि किचनच्या टाइल्स, ओट्याचा दगड, लाकडी दारं, कपाटं, पुढची काही वर्षं बदलणार नाही असा सोफा. प्रत्येकासमोर रंग लिहा, पण नुसतं "क्रीम" किंवा "तपकिरी" लिहून भागत नाही, तो कशाकडे झुकतोय ते लिहा. पिवळ्याकडे, गुलाबीकडे, हिरव्याकडे की निळ्याकडे. माझी फरशी मी कायम पांढरट समजत होते, वर कोरा कागद ठेवला तेव्हा कळलं की ती चांगलीच पिवळी आहे. हॉलच्या राखाडीत मुळातच जांभळी झाक होती आणि शेजारच्या पिवळेपणाने ती आणखी उठून आली, एवढीच ती भानगड.

पडदे, उशा, चादरी या यादीत घेऊ नका. पडदा बदलायला एक दिवस पुरतो. पडद्यावरून भिंत ठरवायला निघालात तर उलटी गंगा वाहायला लागेल.

२. झाक ओळखायला शिका, इथे वेळ घालवा

घरातले रंग एकमेकांशी भांडतात ते बहुतेक वेळा या झाकेमुळे. बाजारात निव्वळ राखाडी क्वचितच मिळतो, कुठलाही राखाडी घ्या, तो थोडा निळा, थोडा हिरवा, थोडा जांभळा नाहीतर मातकट असतोच. पांढऱ्याचंही तेच. एकटा शेड बघितला की झाक दिसत नाही, शेजारी दुसरा ठेवला की लगेच बाहेर येते.

ओळखायच्या तीन युक्त्या. पहिली, शेडचा तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. दुसरी, त्याच जातीचे चार-पाच शेड, म्हणजे पाच राखाडी किंवा पाच बेज, एका ओळीत मांडा, त्यात कोण गुलाबट आणि कोण हिरवट हे लहान मुलालाही सांगता येतं. तिसरी युक्ती मला सगळ्यात उपयोगी पडली: शेड कार्डच्या पट्टीवर फिकटापासून गडदापर्यंत ओळ असते ना, त्यात तुमचा फिकट शेड न बघता सगळ्यात खालचा गडद शेड बघा. वरच्या फिकट रंगात जे लपलेलं असतं ते खाली उघडं पडतं. माझ्या त्या "राखाडी"च्या पट्टीच्या तळाशी चांगला वांगी रंग होता, तेव्हा बघितला असता तर आईचं ऐकावं लागलं नसतं. (प्रत्येक पट्टी एकाच रंगाच्या कुटुंबातली असेल असं नाही, काही कार्डांवर वेगवेगळे रंग सोयीने एकाखाली एक छापलेले असतात, तेवढं बघून घ्या.)

मग ठरवा, तुमच्या न बदलणाऱ्या गोष्टी उबदार बाजूला आहेत की थंड बाजूला. फरशी पिवळसर, लाकूड लालसर असेल तर भिंतींचे बहुतेक रंग उबदार झाकेचे घ्या, आणि थंड रंग हवाच असेल तर तोही थोडा मळलेला, मातकट घ्या, बर्फासारखा निळा नको. दोन्ही बाजूंचे रंग घरात चालतच नाहीत असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही, पण पन्नास-पन्नास वाटणी केलीत तर फसाल. एक बाजू वरचढ असू द्या.

झाकेइतकाच महत्त्वाचा असतो भडकपणा, आणि त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. धुरकट निळा, धुरकट हिरवा आणि धुरकट गुलाबी हे तीन वेगळे रंग असूनही शेजारी सुखाने नांदतात, कारण तिघांमध्ये राखाडी मिसळलेला असतो. त्यांच्यात एक चकचकीत पोपटी आणून बसवा, बाकीचे तिघं लगेच मळके वाटायला लागतात. माझी पहिली बेडरूम म्हणजे हेच प्रकरण.

३. कुठून काय दिसतं ते नकाशावर काढा

नकाशा घ्या आणि घरात फिरा. मुख्य दारात उभं राहा, सोफ्यावर बसा, जेवायच्या टेबलापाशी बसा, पलंगावर आडवं व्हा, प्रत्येक जागेवरून दारं उघडी असताना ज्या ज्या भिंती दिसतात त्यांना बाण काढा. मी सोफ्यावरून काढले तेव्हा पॅसेजची शेवटची भिंत, एका बेडरूमची अर्धी भिंत आणि किचनच्या टाइल्सचा एक पट्टा एका चौकटीत येत होते. म्हणजे हे चार रंग (हॉल धरून) कायम एकत्र दिसणार, त्यांचं आपसात जमलंच पाहिजे.

उलट, एखादी खोली कुठूनच दिसत नाही. पॅसेजच्या वळणाआडची, किंवा जिचं दार कायम बंद असतं अशी. तिथे तुमची सगळी हौस फेडा. बाथरूम, स्टडी, सामानाची खोली, या गडद रंगासाठी उत्तम जागा. लहान खोलीला गडद रंग चालत नाही हा समज सोडा, अंधाऱ्या लहान खोलीला पांढरा दिल्याने ती मोठी होत नाही, बरेचदा नुसती करडी आणि उदास दिसते.

४. आता पॅलेट: पाच रंग पुरे

सगळ्या घराला पुरणारा माझा हिशोब असा:

- एक पांढरा. छत, दाराच्या चौकटी, स्कर्टिंग, सगळीकडे हाच.
- एक मुख्य रंग. हॉल, पॅसेज, जिना, म्हणजे जोडणाऱ्या जागांना.
- त्याच मुख्य रंगाचा एक गडद भाऊ.
- दोन सोबतीचे रंग, बेडरूमसाठी वगैरे.

वाटलं तर एखादा गडद किंवा धाडसी रंग वर, पण एकच.

पांढरा एकच ठेवा हे मी परत परत सांगेन. एका चौकटीला पिवळसर पांढरा आणि शेजारच्या भिंतीला निळसर पांढरा लागला की पिवळा धुवायला आलेला वाटतो आणि निळा दवाखान्यासारखा. खोलीखोलीतून जाताना चौकटींचा तोच पांढरा दिसत राहिला की पुढच्या खोलीचा रंग कितीही वेगळा असला तरी घर एकच वाटतं. हे सगळ्यात कमी कष्टाचं आणि सगळ्यात जास्त परिणाम करणारं काम आहे. दारं-चौकटी पॉलिश केलेल्या लाकडाच्या असतील तर मग लाकूडच तो धागा, पांढऱ्याच्या मागे लागू नका.

माझ्या घरात आता काय आहे ते सांगते, नक्कल करायला नाही, कल्पना यावी म्हणून. पांढरा किंचित पिवळ्याकडे झुकलेला. मुख्य रंग मातकट झाकेचा फिकट करडा. त्याचाच गडद भाऊ पॅसेजच्या शेवटच्या भिंतीवर. एका बेडरूमला मळका शेवाळी, दुसरीला फिकट विटकरी. स्टडी गडद निळा-करडा, तिचं दार सोफ्यावरून दिसत नाही. शेवाळी फक्त बेडरूममध्ये ठेवला नाही, हॉलमध्ये दोन उशा आणि एका खुर्चीचं कापड त्याच रंगाचं घेतलं. प्रत्येक रंग घरात निदान दोन ठिकाणी भेटला पाहिजे, एकदाच दिसणारा रंग वाट चुकून आल्यासारखा वाटतो.

६०-३०-१० चा नियम तुम्ही ऐकला असेल: साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के उठावाचा. ठीक आहे, पण त्यात फरशी, पडदे, फर्निचर सगळं धरायचं असतं, आणि मोजपट्टी घेऊन टक्के काढत बसायची गरज नाही. तीन रंग सारख्या वाटणीने नको, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

आणखी एक सोपी वाट: एकच शेड वेगवेगळ्या ताकदीत घेणं. मशीनवर रंग बनवून देतात तिथे रंगद्रव्य निम्म्याने घालून द्या असं सांगता येतं. झाक थोडी हलू शकते, त्यामुळे हाही नमुना करून बघायचाच, आणि डब्यावर "५० टक्के" असं लिहून घ्यायचं.

५. उजेडाची परीक्षा

रंगावर पडणारा उजेड बदलला की रंग बदलतो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत थेट ऊन फारसं येत नाही, तिथला उजेड निळसर आणि दिवसभर साधारण सारखा असतो. दक्षिण गोलार्धात हेच दक्षिणेच्या खिडकीचं. अशा खोलीत थंड राखाडी लावला की तो आणखी थंड पडतो. पूर्वेची खोली सकाळी सोनेरी आणि दुपारनंतर मलूल, पश्चिमेची त्याच्या उलट, संध्याकाळी तर पेटल्यासारखी. खिडकीबाहेर मोठं झाड असेल तर हिरवा उजेड आत येतो, समोर विटांची भिंत असेल तर लालसर.

दिव्यांचंही बघा. बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो: २७०० म्हणजे पिवळा उबदार, ४००० च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. एका खोलीत २७०० आणि तिला लागून असलेल्या पॅसेजमध्ये ६५०० असेल तर तोच रंग दोन्हीकडे लावूनही वेगळा दिसेल आणि तुम्ही रंगाऱ्याला बोल लावाल. त्यामुळे आधी दिवे एकसारखे करा, मग नमुने लावा. उलट्या क्रमाने केलंत तर नमुने परत बघावे लागतील.

शेड कार्डच्या मागे किंवा कंपनीच्या यादीत एलआरव्ही नावाचा आकडा सापडतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचं ते माप. ० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा, खरे रंग या दोन्हींच्या मधे कुठेतरी. याचा उपयोग असा की शेजारशेजारच्या दोन रंगांचे आकडे अगदीच जवळ, म्हणजे दोन-चारच्या फरकाचे असतील आणि रंगही साधारण एकाच जातीचे, तर भिंत मुद्दाम वेगळी केलीय असं वाटत नाही, डबा संपला म्हणून दुसरा उघडला असं वाटतं. वेगळं करायचं तर नीट वेगळं दिसू द्या.

६. नमुना भिंतीवर नको, पुठ्ठ्यावर

जुन्या भिंतीवर थेट नमुना लावला की मागचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. यामागे जुनी गोष्ट आहे. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते, त्यांच्याकडे तक्रारी यायच्या की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं तर धाग्याचा रंग पक्का होता, दोष शेजारी विणलेल्या रंगांचा होता. त्यावरचं त्यांचं काम १८३९ मध्ये छापून आलं. जुन्या अबोली भिंतीवर शेवाळीचा ठिपका लावाल तर तोच खेळ तुमच्या घरी होईल, शेवाळी आहे त्यापेक्षा जास्त हिरवा वाटेल.

म्हणून पुठ्ठ्यावर दोन कोट द्या, पूर्ण वाळू द्या (ओला रंग आणि वाळलेला रंग यात फरक असतो), चारही बाजूंना पांढरी कड सोडा. मग तो पुठ्ठा भिंतीवर, फरशीला टेकवून, कोपऱ्यात, खिडकीसमोर, दाराशेजारी असा फिरवा. सकाळ, दुपार, दिवे लागल्यावर, आणि एक ढगाळ दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं. निदान तीन दिवस. सगळे निवडलेले पुठ्ठे एकदा नकाशातल्या बाणांप्रमाणे लावा आणि सोफ्यावर जाऊन बसा. हे मी केलं तेव्हा फिकट विटकरी बाद होता होता वाचला, कारण हॉलमध्ये बसून तो गुलाबी वाटत होता, त्याच्या खोलीत नेला तर बरोबर विटकरी.

इथले खड्डे:

फोनवरचा फोटो किंवा भिंतीला रंग लावून दाखवणारं अ‍ॅप, ढोबळ कल्पनेपुरतं ठीक, त्यावरून डबा आणू नका, प्रत्येक स्क्रीन वेगळी. छोटा तुकडा बघून आवडलेला रंग चार भिंतींवर जास्त तीव्र वाटतो, कारण भिंती एकमेकींवर रंगीत उजेड फेकतात, तेव्हा दोघांत अडलात तर जास्त राखाडी असलेला घ्या. एका कंपनीचा शेड दुसऱ्या कंपनीत "सेम टू सेम" करून देतो म्हणणाऱ्यांपासून जपून, रंगद्रव्यं वेगळी असली की दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग घरच्या उन्हात फारकत घेतात. आणि अख्ख्या कुटुंबाला तीस शेड दाखवू नका, तीन दाखवा. तीस दाखवल्यावर आमच्याकडे दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

७. फिनिश

मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, भिंतीतले खड्डे-उंचवटे लपवतो पण डाग पुसताना चट्टा पडू शकतो. सॅटिन थोडा चकाकतो, पुसता येतो. ग्लॉस दारं-चौकटींना. छताला मॅट. तोच शेड मॅटमध्ये आणि ग्लॉसमध्ये वेगळा दिसतो, ग्लॉसमध्ये जास्त गडद आणि भरलेला, म्हणून नमुना ज्या फिनिशमध्ये लावणार त्याच फिनिशमध्ये करा. पुट्टी ओबडधोबड असेल आणि भिंतीवर खिडकीचा तिरका उजेड पडत असेल तर चकाकीच्या वाटेला जाऊच नका, प्रत्येक लाट दिसते.

८. किती लागेल

खोलीचा घेर गुणिले उंची, त्यातून दारं-खिडक्या वजा. ४ बाय साडेतीन मीटरची खोली, उंची पावणेतीन मीटर: घेर १५, म्हणजे सव्वाएक्केचाळीस चौरस मीटर, एक दार एक खिडकी वजा करून साधारण साडेसदतीस. दोन कोटांचे ७५. डब्यावर एका लिटरला १० चौरस मीटर लिहिलं असेल तर साडेसात लिटर, वर दहा टक्के धरा. खडबडीत किंवा कोऱ्या पुट्टीवर जास्त जातं. भडक लाल आणि पिवळा यांना झाकायची ताकद कमी असते, तीन कोट धरूनच चाला, खाली रंगाऱ्याला सांगून रंगीत प्रायमर मारून घेतलात तर एक कोट वाचू शकतो.

एका रंगाचे सगळे डबे एकदम आणा, बॅच नंबर बघा, आणि सुरू करायच्या आधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. अर्ध्या भिंतीवर डबा बदलला तर सांधा दिसतो, आणि तो पुसत नाही.

९. रंगाऱ्याच्या हातात कागद द्या

तोंडी सांगू नका. एकेका खोलीसाठी लिहा: कुठली भिंत, शेडचं नाव आणि नंबर, फिनिश, छत, चौकट. नंबर महत्त्वाचा, नावं एकसारखी असतात. रंग कुठे थांबतो हेही लिहा, कारण नेमकं इथेच घोटाळा होतो. रंग आतल्या कोपऱ्यात बदलावा, बाहेर आलेल्या कडेवर बदलला तर रेघ कधीच सरळ वाटत नाही. हॉल आणि जेवायची जागा एकाच सलग भिंतीवर असेल, मधे कोपराच नसेल, तर तिथे रंग बदलूच नका. दाराची जाड कड कुठल्या खोलीच्या रंगाची, हा प्रश्न रंगारी नेमका तुम्ही ऑफिसला असताना फोन करून विचारतो, तेव्हा आधीच लिहून ठेवा (चौकटी सगळ्या एकाच पांढऱ्यात असतील तर प्रश्नच येत नाही).

पहिला कोट झाला की घाबरू नका. पॅचेस दिसतात, रंग भलताच वाटतो, मी पहिल्या कोटानंतर शेवाळी बदलायला निघाले होते, रंगाऱ्यानेच थांबवलं, "मॅडम, दुसरा हात मारू द्या, मग बोला."

१०. नोंद ठेवा

प्रत्येक डब्यावरच्या लेबलचा फोटो काढा, त्यात शेड नंबर, बेस (रंगद्रव्य ज्यात मिसळतात तो मूळ रंग) आणि बॅच सगळं येतं. उरलेला रंग मोठ्या डब्यात तसाच ठेवलात तर आतल्या हवेने साय धरतो, लहान घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरा, बरणीवर खोलीचं नाव आणि तारीख चिकटवा. माझ्याकडे कपाटाच्या वरच्या खणात अशा पाच बरण्या आहेत, आणि मागच्या महिन्यात खुर्ची घासून पॅसेजच्या भिंतीला ओरखडा गेला तेव्हा लहान ब्रशने दहा मिनिटांत काम झालं, आता कुठे होता ते मलाच शोधावं लागतं.